शिपायाचं एक वाक्य

माझ्या चंद्रपूरच्या दुकानात महागडे सीडी प्लेयर ऐकायला बरेच येतात, घ्यायला कोणीच नाही. त्यातले एक साहेब धानोऱ्याहून एसटीने यायचे. आल्याबरोबर पंखा बंद करायला लावायचे, बूट काढायचे आणि रुमालात गुंडाळलेली सीडी प्रसादासारखी माझ्या हातावर ठेवायचे.

सीडी नेहमी तीच, गावच्या झाडीपट्टी नाटकाची. साहेब त्यात शिपाई झाले होते आणि शिपायाला एकच वाक्य होतं. नेमकं तिथेच स्टेजमागच्या जनरेटरची घरघर यायची. साहेब डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे. "आवाज खुलून नाई राह्यला, भाऊ. मशीनमध्ये दम नाई." असे त्यांनी माझे सगळे प्लेयर नापास केले.

परवा नागपूरहून फारच भारी प्लेयर आला. मीच फोन करून त्यांना बोलावलं. पंखा बंद झाला, बूट निघाले. या वेळी घरघर बाजूला सरली आणि वाक्य स्वच्छ ऐकू आलं, "महाराज, शत्रू वेशीपाशी आला!" पण आवाज पडद्यामागच्या प्रॉम्प्टरचा होता. तेच वाक्य त्याने पुन्हा, चिडून म्हटलं. मग साहेबांचं नुसतं खाकरणं आणि लोकांचं हसणं.

साहेबांनी बूट घातले.

"बोगस मशीन आहे, भाऊ. जे झालंच नाई, ते ऐकवून राह्यली."

मग त्यांनी कोपऱ्यातल्या सगळ्यात स्वस्त प्लेयरकडे बोट दाखवलं. "तो बांधून द्या. त्यात दम आहे."