पंच्याहत्तर किलो जास्त

आमच्या शहरात गाडी म्हणजे ट्रक. वडील फौजेचे ट्रक बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात होते, शेजारचे काका तोफांच्या कारखान्यात आणि समोरचे दारूगोळ्याच्या. जबलपुरातल्या या सगळ्या निवृत्त मंडळींचं एका बाबतीत एकमत असतं: जी वस्तू उचलताना कंबरेत कळ येत नाही ती टिकत नाही. अशा शहरात मी पन्नाशी उलटल्यावर हलक्यात हलकी मोटार बनवायला घेतली.

ही मोटार तयार मिळत नाही. नकाशे, फायबरचे पत्रे, स्प्रिंगा, स्टिअरिंग असं सामान खोक्यांतून येतं आणि उरलेलं आपण जमवायचं असतं. सांगाडा नकाशाबरहुकूम वेल्डिंग करून घ्यायचा, इंजिन मोडीत निघालेल्या एखाद्या छोट्या गाडीचं बसवायचं. छप्पर नाही, दारं नाहीत, पुढे काच नाही. बसणारा जमिनीपासून वीतभर उंचीवर बसतो. तिला रस्त्यावर चालवायला परवानगी मिळत नाही, कारण नियमांच्या लेखी ती गाडीच नव्हे. आमच्या घरातही तेच मत होतं.

"दार नाही, छत नाही, अन् हिला गाडी काहून म्हणता?" बायकोने पहिल्या दिवशीच विचारलं. मी तिला वजन आणि वेग यांचं नातं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

बायको शहराबाहेर कुंडम गावच्या शाळेत शिकवते. अठरा वर्षं ती रोज आमच्या जुन्या छोट्या गाडीने जंगलातल्या रस्त्याने जाते आणि येते. वाटेत वळणं, गुरं, हेडलाइट खाली न करता समोरून येणारे ट्रक. मी सिविल लाइंसमधल्या एका कचेरीत काम करतो आणि घरून चालत जातो. तरीही घरातला ड्रायव्हर मी. ती फक्त गाडी नेते आणि आणते. ही विभागणी मीच केली होती, आणि तिने कधी हरकत घेतली नाही म्हणून ती मला योग्यही वाटत होती. सुट्टीच्या दिवशी तिच्या शेजारी बसलो की मी सांगायचो, ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. नजर पुढच्या झाडावर ठेव. रात्री जेवताना वाट्या मांडून दाखवायचो की वळण आतून कुठे कापायचं. मागची चाकं सुटली, म्हणजे घसरून बाहेर जाऊ लागली, तर अॅक्सिलरेटर एकदम सोडायचा नाही, हे तर मी तिला इतक्यांदा सांगितलं होतं की मुलगी फोनवर म्हणायची, "पापा, अब बस करो."

मला हवे होते ऐंशी सेकंद. नागपूरच्या बाजूला एका हौशी माणसाने आपल्या जमिनीवर छोटा ट्रॅक बांधला आहे. महिन्यातून एका रविवारी तिथे आमच्यासारखे लोक जमतात. ज्याची फेरी ऐंशी सेकंदांच्या आत होते त्याच्याशी तिथले लोक बसून बोलतात. बाकीच्यांना नमस्कार करतात. तीस वर्षं मी फायलींवर शेरे मारत आलो आहे, आणि ते शेरे चुकले की बरोबर आले हे आजवर मला कुणी सांगितलेलं नाही. आयुष्यात एक तरी गोष्ट घड्याळ लावून मोजली जावी आणि तिचा आकडा चांगला यावा, एवढीच माझी इच्छा होती. ती फार होती, हे आता कबूल करतो.

सांगाड्यासाठी मी रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये मिस्त्री गाठला. साठीचा माणूस. त्याने उमेदीची सगळी वर्षं ट्रकच्या चौकटी जोडण्यात घालवली होती. नकाशात दीड मिलिमीटर जाडीची नळी लिहिली होती. महिन्याभराने मी सांगाडा बघायला गेलो तर जोड पाहून डोळे निवले. आरशासारखं काम. मग मी एक कोपरा उचलून पाहिला आणि तो उचलला गेला नाही.

"ये कितने एमएम की पाइप है?"

"तीन एमएम, साहब. ड्रॉइंग में गलती थी, हमने सुधार दी."

फरशीचा पत्राही त्याने सुधारला होता. शिवाय नकाशात नव्हत्या अशा चार आडव्या पट्ट्या त्याने आपल्या मनाने घातल्या होत्या, त्याही अगदी मनापासून. त्याच्यावर ओरडणं मला शोभलं नसतं. त्याच्या हातच्या गाड्या बर्फातून गेल्या होत्या. माझा हात फार तर कागदावरून गेला होता.

गाडी पुरी झाल्यावर धान्याच्या व्यापाऱ्याकडून चार वजनकाटे आणून चारही चाकांखाली ठेवले. नकाशांसोबत आलेल्या पुस्तकातल्या आकड्यापेक्षा पंच्याहत्तर किलो जास्त. स्प्रिंगा लावताना चालवणाऱ्याचं वजन सीटवर असावं लागतं, म्हणून मी माझ्या वजनाएवढी गव्हाची पोती तिथे बांधली. चौऱ्याण्णव किलो. बायको त्या दिवशी डबा द्यायला आली होती. तिने पोत्यांकडे पाहिलं.

"हे तुम्ही का? तुमच्यापेक्षा शांत दिसून राहिले."

त्यानंतर सहा महिने मी वजन कमी करत होतो, म्हणजे गाडीचं. बॅटरी काढून मोटरसायकलची बसवली. शेजारचं सीट काढलं. हॉर्न काढला. पेडलला भोकं पाडली, हँडब्रेकच्या दांड्याला भोकं पाडली, बोल्ट घासून आखूड केले. भोकांतून निघालेला कीस मी डबीत जमवून तोलत असे. दात कोरून पोट भरत नाही हे मी नोकरीत नव्या पोरांना नेहमी ऐकवतो, पण माझ्या हातात ड्रिल असल्यावर मला ते कोण ऐकवणार. सगळं करून अकरा किलो गेले.

शेवटी एके दिवशी मिस्त्री बिडी विझवून जवळ आला. त्याने गाडीला एक चक्कर मारली आणि अगदी अदबीने म्हणाला, "साहब, गाड़ी में से निकालने को अब कुछ बचा नहीं. अब आप ही बचे हो."

मी खोव्याची जलेबी सोडली. तीन किलो उतरले. बायकोने सलवार आत घ्यावी तशी माझी पँट आत घेतली.

ट्रॅकवर जायच्या आधी अर्ज भरायचा होता. प्रत्येक ड्रायव्हरला पंधरा पंधरा मिनिटांच्या दोन पाळ्या मिळतात. खाली 'दुसरा ड्रायव्हर' अशी रिकामी ओळ होती. मी तिथे बायकोचं नाव घातलं. तिच्या दोन पाळ्या आपणच मारू, कोण बघतो, असा हिशेब. तिला सांगितलं की तू वेळ नोंदवायला चल. ती तिखटामिठाच्या पुऱ्या घेऊन आली. गाडी छोट्या टेम्पोत दोर बांधून आली.

माझी पहिली पाळी: एक मिनिट एकतीस. दुसरी: एक मिनिट अठ्ठावीस. म्हणजे अठ्ठ्याऐंशी सेकंद. छप्पर असलेल्या, दारं असलेल्या, मागच्या काचेवर मुलांची नावं लिहिलेल्या घरगुती गाड्या मला मागे टाकून गेल्या. खाली उतरल्यावर मी सांगितलं की टायर गार आहेत. मग सांगितलं की ट्रॅकवर धूळ आहे. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण बायको सहावीला शिकवते, पण तेव्हा तिने फक्त पुरी पुढे केली.

तिसऱ्या पाळीला मी परत आत जाऊ लागलो तर गेटवरच्या माणसाने माझ्या मनगटावरची पट्टी पाहिली. "सर, आपके दोनों हो गए. अब मैडम." मी म्हणालो, मैडम चलाती नहीं. तो म्हणाला, नाम तो लिखा है.

पाळी वाया जाऊ नये म्हणून बायको बसली. एवढंच कारण. ट्रॅकवरच्या लोकांनी तिला मापाचं हेल्मेट दिलं. ओढणी काढून तिने माझं जाकीट घातलं, पाठीमागे उशी घेतली. मी वाकून तिला सगळं पुन्हा सांगितलं, ब्रेक आधी, नजर पुढे. तिने मान हलवली. घड्याळ माझ्या हातात आलं.

पहिल्या दोन फेऱ्या संथ होत्या आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. तिसरी फेरी शहाऐंशी. पुढची चौऱ्याऐंशी. घड्याळात काही बिघाड असेल म्हणून मी ते हलवून पाहिलं. पुढची ब्याऐंशी. कठड्यापाशी पुऱ्या खात उभे असलेले दोन-तीन लोक विचारायला लागले, कोण चालवतंय. मी सांगितलं, आमच्या घरची. मला अभिमान वाटला असं मी पुढे सगळ्या नातेवाइकांना सांगितलं आहे. तो अभिमान पुढे, सावकाश आला. त्या क्षणी मला सरळ राग आला होता. तिचं वजन एकोणपन्नास किलो, म्हणून हे झालं, असं मी मनाशी म्हटलं. बेचाळीस किलो फुकट वाचले की कुणीही जोरात जाईल. मग आठवलं की स्प्रिंगा चौऱ्याण्णव किलोवर लावल्या आहेत. म्हणजे गाडी तिच्या मापाचीही नव्हती.

ती खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. मी काही विचारायच्या आत गेटवरचा माणूस आला. ऊन उतरत होतं, बरेच लोक निघून गेले होते. तो म्हणाला, "आखिरी राउंड है सर. अब आप दोनों में से कोई भी ले लो, मैं नहीं देखता."

मी हेल्मेट उचललं. सहा महिने मी याच पंधरा मिनिटांसाठी भोकं पाडली होती. आता टायर गरम होते, ट्रॅक मोकळा होता आणि अंगण वाकडं म्हणायला जागा उरली नव्हती. मी पट्टा लावत होतो तेवढ्यात ती जवळ आली. थकलेली होती, पण डोळे ट्रॅककडे.

"अहो, एक सांगा ना. त्या तिसऱ्या वळणावर मागून गाडी सुटून राहिली. तुम्ही म्हणता तसं अॅक्सिलरेटर नाही सोडला, तरी सुटते. तुमची सुटते तेव्हा तुम्ही काय करता?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं, तशी उत्तरं माझ्याकडे भरपूर आहेत. पण ती खरंच विचारत होती. अठरा वर्षं ती माझं ऐकत आली होती, जंगलातल्या प्रत्येक वळणाला मी सांगितलेलं करून पाहत आली होती, आणि आता तिथून पुढचं विचारायला माझ्याकडेच आली होती.

मी हेल्मेटचा पट्टा सोडला.

"माझी कधी सुटलीच नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"तेवढ्या जोरात मी तिथे कधी गेलोच नाही."

"मग इतके दिवस मला काय सांगून राहिले होते तुम्ही?"

"वाचलेलं."

"अच्छा," ती म्हणाली. हसली नाही, ओरडली नाही. हेल्मेट डोक्यावर चढवत म्हणाली, "चलो, मग मीच पाहते." मी हेल्मेट काढलं आणि बाजूला झालो. उशी नीट करून ती बसली, आणि गाडी सुरू झाली.

घड्याळ मी त्या गेटवरच्या माणसाच्या हातात दिलं आणि चालत तिसऱ्या वळणापाशी गेलो. कठड्याला धरून उभा राहिलो. मागची चाकं सुटताना कशी दिसतात, हे मला आयुष्यात पहिल्यांदा बघायचं होतं.