पालथा घातलेला वीर

पारावरच्या मारुतीला आज शेंदूर लावला. त्या वासानं वलगावची, इंग्रजांच्या काळातली एक दुपार आठवली. ती आता लिहूनच ठेवतो.

आमच्या विहिरीच्या थारोळ्यात, मोटेचं पाणी पडतं तिथे, सपाट दगड हवा होता. शेजारच्या सखूमायच्या मळ्यात शेंदूर फासलेला एक वीरगळ होता. त्यावर लढून पडलेला वीर आणि वर चंद्र-सूर्य कोरले होते. माळ्यांचं ते घराणं त्याला आपला पूर्वज मानायचं. सखूमाय गावाला गेली तेव्हा मी तो उपटला आणि कोरलेली बाजू खाली करून थारोळ्यात बसवला.

ती परतली ती थेट आमच्या विहिरीवर आली.

"भाऊ, आमचा बुढा कोनं नेला?"

"लढाईवर गेला असंन, माय," मी हसलो.

"मस्करी नोको करू बाप्पा. पोराचं लगन हाये. त्याच्या पाया पडल्याबिगर नवरीले घरात कशी घेऊ?"

मला काही ठाऊक नाही, असं मी म्हणालो. ज्या बुढ्यासमोर ती कधी वहाणा घालून गेली नव्हती, त्याच्याच पाठीवर ती वहाणांसकट उभी राहून रडत होती. तिला बाजूला हो म्हणण्याचीसुद्धा माझी हिंमत झाली नाही.