तिच्या सहीच्या गोळ्या

मला तिचा राग पहिल्या भेटीच्या आधीच आला होता. अमेरिकेतल्या आमच्या चँडलर गावातल्या मानसोपचार क्लिनिकचे डॉक्टर, वयस्कर अमेरिकन गृहस्थ, नवऱ्याला तपासून म्हणाले की हे डिप्रेशन आहे, गोळी सुरू करू, आणि यापुढे दर काही आठवड्यांनी तुम्हाला आमची फार्मसिस्ट बघेल. डोस वाढवायचा, कमी करायचा, गोळी बदलायची, ते सगळं तीच ठरवते. आमचा तसा लेखी करार आहे, अडलं तर मी आहेच. मी विचारलं, म्हणजे प्रिस्क्रिप्शन कोण लिहिणार? ते म्हणाले, तीच.

आता मी स्वतः बी. फार्म. सांगलीला बाबांचं मेडिकल होतं आणि मी काउंटरमागेच वाढले. आमच्याकडे डॉक्टरनं लिहिलेल्या गोळीतली अर्धी गोळी कमी करायचं कुणाच्या स्वप्नात आलं नसतं. फार वाटलं तर बाबा चिठ्ठी घेऊन दवाखान्यात जायचे आणि कंपाउंडरशी हळू आवाजात बोलून यायचे. आणि इथे एक फार्मसिस्ट खुर्चीत बसून पेशंट बघणार होती. मला मात्र इथे साधा काउंटरही नव्हता. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करता येत नाही, आणि परवान्याची परीक्षा द्यायची तर म्हणे डिग्री पाच वर्षांची हवी. माझी चार वर्षांची. एका वर्षासाठी अडकलेलं माझं सर्टिफिकेट कपाटात साड्यांखाली पडून होतं.

नवरा चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्या वर्षी त्याच्या आजूबाजूची टेबलं एकेक करून रिकामी झाली. त्याची नोकरी राहिली, पण तो नाही राहिला. कामावरून आला की गाडीतच बसून राहायचा, आणि मी दार उघडून हाक मारेपर्यंत इंजिनही बंद करायचा नाही. काय झालं विचारलं की एकच उत्तर, काही नाही.

पहिल्या भेटीला दार उघडून ती म्हणाली, "नमस्कार काका, नमस्कार काकू." ती मराठी निघाली. ओहायोत जन्मलेली, आईवडील पुण्याचे. मराठी बेताचं, पण 'काकू' मात्र अगदी शुद्ध. माझ्याहून फार तर तीन-चार वर्षांनी लहान असेल. इथं वाढलेल्या मुलांना मंगळसूत्र दिसलं की तोंडातून आपोआप काकू येतं, हे मला माहीत होतं. तरी नाकाला मिरच्या झोंबल्याच.

नवरा बसेना. उद्या इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना कळेल, असं त्यानं तिच्यासमोरच मला म्हटलं. तिनं दार लावलं आणि सांगितलं की इथलं इथेच राहतं, माझ्या आईलाही सांगायची मला परवानगी नाही. मग ती त्याला प्रश्न विचारू लागली आणि मी उत्तरं देऊ लागले. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे पुरुष डॉक्टरकडे जातो तो नुसता जीभ दाखवायला. दुखतं कुठे ते बायकोच सांगते. झोप? आता बरी आहे. जेवण? दोन पोळ्या खातो. मूड? पुष्कळ सुधारलाय. परक्या माणसासमोर, त्यात मराठी, ठीक आहे असंच म्हणायचं असतं. नवरा मान हलवायचा. ती लिहून घ्यायची आणि डोस तोच ठेवायची. पुढच्या भेटीलाही तेच. खरं म्हणजे पोळ्या तो मी समोर उभी राहायचे म्हणून गिळायचा, आणि झोप म्हणजे डोळे मिटून पडणं.

त्यानंतरच्या भेटीत तिनं पेन खाली ठेवलं. "काकू, तुम्ही प्लीज बाहेर वेट कराल? मला काकांशी एकट्यांशी बोलायचंय."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणेल, असू दे तिला, असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "बस ना थोडा वेळ बाहेर."

मी बसले. थोडा वेळ कसला, माझ्यानंतर आलेले दोघं आपापली कामं उरकून गेले तरी दार बंदच. मध्ये एकदा ते वयस्कर डॉक्टर घाईनं आत गेले. मला वाटलं, बघा, अडलं हिचं घोडं. मनातून बरं वाटलं. नवरा बाहेर आला तो डोळे सुजवून, हातात नवीन प्रिस्क्रिप्शन. खाली तिची सही. घरी येईपर्यंत मी तीनदा विचारलं की आत काय बोलणं झालं. तो म्हणाला, काही नाही, डोस वाढवला. ज्या माणसाच्या तोंडून मला महिनोन् महिने एक शब्द काढता आला नव्हता, तो तिच्यासमोर धाय मोकलून रडून आला होता, आणि मला डोस सांगत होता.

त्यानंतर माझा जळफळाट रोजचाच झाला. तिच्याकडे जायच्या दिवशी तो दाढी करायचा. एरवी शनिवारी-रविवारी तोंडही न धुणारा माणूस. तिनं सांगितलं रोज संध्याकाळी चाला, की हा बूट घालून घराजवळच्या कालव्याच्या कडेनं चालायला तयार. अरे, मी काय वेगळं सांगत होते? पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय. मी सांगलीहून माझं फार्माकॉलॉजीचं पुस्तक मागवून घेतलं आणि तिची चूक शोधायला बसले. त्याचं तोंड कोरडं पडतंय, हे तिच्या आधी मी पकडलं. त्या आनंदात मी संध्याकाळी श्रीखंड केलं. पुढच्या भेटीत तिनं गोळीची वेळ बदलली आणि माझ्या शोधाबद्दल 'गुड कॅच, काकू' असा निरोप त्याच्याबरोबर बाहेर पाठवला. श्रीखंड वाया गेल्यासारखं वाटलं.

तो सुधारत गेला. आधी झोप आली, मग भूक, मग एका सकाळी उठून त्यानं दोघांसाठी चहा केला. मला आनंद झाला नाही असं कसं म्हणू? झालाच. पण कुणी म्हटलं, काय छान दिसतो हल्ली, की माझ्या पोटात दुखायचं. हा बरा होतोय तो तिच्या हातानं, हे मला गिळता येत नव्हतं. तिच्या जागी मला बसायचं होतं. तिच्या खुर्चीत, आणि त्याच्या समोर.

दुसऱ्या वर्षी तिनं दुसऱ्या शहरात नोकरी धरली. शेवटच्या भेटीनंतर तो गाडीत येऊन बसला तो डोळे पुसतच. मी गाडी चालवणार होते. किल्ली हातातच राहिली आणि माझा तोल सुटला. मी म्हटलं, मला दर वेळी विमानतळावर सोडतोस, तेव्हा कधी टिपूस नाही काढलंस. एवढं काय आहे तिच्यात? औषधांतलं मलाही कळतं.

तो म्हणाला, "तू बाहेर बसली होतीस ना, त्या दिवशी मी तिला सांगितलं की गाडी कालव्यात घालावी असं रोज वाटतं. तिनं तिथल्या तिथे डॉक्टरांना बोलावलं."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस.

"त्यांनी विचारलं होतं, बायकोला सांगू का. मी नको म्हटलं. तुला सांगितलं असतं तर तू कोसळली असतीस, आणि मला तुला धरायला लागलं असतं. तेवढी ताकद नव्हती यार."

मी रडले. तो जिवंत माझ्या शेजारी बसला होता, यासाठी त्या मुलीचे पाय धरावेत एवढं मलाही कळत होतं. आणि तरी, खोटं कशाला बोलू, रडतानाही एकच गोष्ट सलत होती, की हे तिला आधी कळलं. त्याच्याबरोबर एका ताटात जेवणाऱ्या मला सगळ्यांत शेवटी.

डोळे पुसून मी म्हटलं, "पुन्हा कधी असं वाटलं तर आधी मला सांगायचं."

त्यानं नीट विचार केला. पूर्वीचा असता तर पटकन हो म्हणून मोकळा झाला असता.

"तिच्या जागी जे कोण येईल, त्यांना आधी सांगेन," तो म्हणाला. "मग तुला."

मी बरं म्हटलं आणि गाडी सुरू केली.