माझ्या डोळ्याचा फोटो नव्हेच तो!

हसणार असाल तर कप आधी खाली ठेवा! अलिबागच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी जे करून आले, ते ऐकल्यापासून माझी सख्खी बहीण माझ्याबरोबर तिथे यायला तयार नाही.

गेले होते चष्म्याचा नंबर काढायला. समोरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला. तरी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतल्या पडद्याचा फोटो काढू." काढा! मला काय भीती?

मशीनवरच्या मुलीने हनुवटी टेकवायला लावली, लख्खकन उजेड पडला आणि स्क्रीनवर भगवा गोळा उमटला. त्यात फिकट चकती, चकतीच्या कडेला बारीक लाल रेघ.

"बाई, इथे डोळ्याच्या नसेपाशी रक्त आलंय."

"माझ्या? दुखत नाही, खुपत नाही, आरशात डोळा पांढराशुभ्र! फोटो बदललाय तुमचा!" अहो, नागावच्या शाळेत तीस वर्षं पेपरांची अदलाबदल पकडलेली बाई मी. मला शिकवता?

तरातरा बाहेर आले. बाकावर एकच माणूस. म्हणजे फोटो ह्याचाच!

"भाऊ, घाबरू नका. तुमच्या डोळ्यात रक्त आलंय."

बिचारा पांढराफटक! "माज्या? कंदी?"

"आत्ताच फोटो पाहिला. डोळे मिटा!"

त्याने मिटले. चाचपडत बायकोला फोन लावला. तिकडे रडारड. मी फोन घेऊन तिलाही धीर दिला!

तेवढ्यात ती मुलगी धावत आली. "बाई, ते पेशंट न्हाय! एसी दुरुस्त करायला आलेत!"

तुम्ही मान खाली घातली असती. मी म्हटलं, "मग माझा फोटो पुन्हा काढ. माझ्यासमोर!" आणि तिचं मनगट धरून बसले.

"बाई, बटण तरी दाबू द्या!"

दाबलं. तीच रेघ, तिथेच.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. असं रक्त बहुतेकदा काचबिंदूची खूण. दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. ही रेघही काही आठवड्यांत पुसली गेली असती; आज फोटो काढला म्हणून सापडली.

मी मुलीचं मनगट सोडून दिलं. पण भीती चेहऱ्यावर दाखवीन तर शपथ!

"पटलं ना आता?" त्यांनी विचारलं.

"मुळीच नाही!" मी ताठ मानेने म्हटलं. "पण थेंब लिहून द्या. दोन बाटल्या!"