लोकल पार्टी

"अक्का, आजच्या आज एक चांगलं बिलाचं सॉफ्टवेअर सांगा. महाग आसलं तरी चालतंय."

माणिकअण्णा खुर्चीवर टेकायच्या आधीच हे बोलून मोकळे झाले. बीदरला बसस्टँडच्या मागं माझं ऑफिस आहे. लहान धंदेवाल्यांचे जीएसटीचे रिटर्न भरायचे, त्यांचे हिशेब नीट ठेवायचे, हे माझं काम. माझ्याकडं येणारा प्रत्येकजण आधी स्वस्तातलं सांगा म्हणतो. महाग चालेल म्हणणारा माणूस आला की मी पंख्याचा स्पीड वाढवते आणि पाणी मागवते.

अण्णांचा खटकचिंचोळीला पत्र्याची कपाटं बनवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक शेड, वेल्डिंगची मशीन आणि चार माणसं. माल भालकीला जातो, हुमनाबादला जातो, थोडा बंगळूरला, आणि सगळ्यात जास्त उदगीरला. तिथलं फर्निचरचं मोठं दुकान त्यांच्या व्याह्यांचं, भगवानरावांचं. थोरली लेक सुनंदा त्याच घरात दिलेली.

"जुन्या सॉफ्टवेअरला काय झालं?"

"त्यानंच तर घात केला. सुनंदा पंचमीला माहेरी आली. दसरा आला, तरी कुणी न्यायला यीना."

सॉफ्टवेअरचा आणि लेकीला न्यायला येण्याचा काय संबंध, मला कळेना. अण्णांनी उदगीरची बिलं पुढं ठेवली. पहिल्याच बिलावर मी थांबले. खाली सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन कर लावले होते.

इथं थोडं समजावून सांगावं लागेल. राज्यातल्या राज्यात माल विकला तर कराचे दोन भाग होतात. एक दिल्लीला, एक आपल्या राज्याला. माल दुसऱ्या राज्यात गेला तर एकच कर लागतो, आयजीएसटी. त्यातला राज्याचा वाटा घेणाऱ्याच्या राज्याला मिळतो. घेणाऱ्या दुकानदारानं भरलेला कर त्याला पुढं स्वतःच्या करातून वजा करता येतो. पण कर चुकीच्या खात्यात गेला असेल तर वजा होत नाही. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. अण्णांचा नंबर २९ नं सुरू होतो, भगवानरावांचा २७ नं. एक कर्नाटक, एक महाराष्ट्र. मुंबईचा वाटा अण्णा इमानेइतबारे बंगळूरला पोचवत होते.

"अण्णा, हे लावलं कुणी?"

सॉफ्टवेअर हैदराबादहून घेतलं होतं. रिटर्न भरून द्यायचं कामही त्याच पॅकेजात होतं, त्यामुळं इथल्या कुणी ते कधी पाहिलं नाही. गिऱ्हाइकांची यादी फोनवर भरून घेतली होती. एकेक नाव घेऊन तिकडचा माणूस विचारत होता, लोकल पार्टी की बाहरकी?

"उदगीरवाले?" त्यानं विचारलं.

"लोकलच है. घरके लोगां हैं," अण्णा म्हणाले.

"बंगळूरवाले?"

"वो दूरके हैं भई. बाहरके."

बंगळूरचं बिल जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर अडकलं, म्हणून ते दुरुस्त झालं. उदगीरचं अडकलं नाही. माल कर्नाटकातच दिला, असं सॉफ्टवेअर त्या बिलावर आपोआप लिहायचं, आणि तसं लिहिलेलं पोर्टलला चालतं.

अण्णांना मी काय बोलणार? खटकचिंचोळीचा माणूस सकाळी उदगीरला जाऊन दुपारच्या जेवणाला घरी असतो. बंगळूरला जायचं तर रात्रभराचा प्रवास आणि तिथं उतरल्यावर भाषेची पंचाईत. अण्णा म्हणाले, "आमचा बाप मेंढरं घेऊन उदगीरच्या पल्याड जायचा. राज्य बदलायलंय म्हणून कुणी अडवलं न्हाई त्याला."

भगवानराव मात्र अडकले. आपल्याला हा कर वजा मिळणार नाही, हे पोर्टल त्यांना दर महिन्याच्या पत्रकात लिहून सांगत होतं. त्यांच्या मुनीमजींनी ते पत्रक उघडलं नाही आणि कर वजा करत राहिले. मग व्याजासकट परत भरा म्हणून नोटीस आली. भगवानरावांनी नोटीस घरी आणून सुनेपुढं ठेवली. वाच म्हणाले, तुझ्या बापानं काय केलंय ते.

"जावई काय म्हणतात?"

"जावई बापाम्होरं त्वांड उघडत न्हाई." अण्णांनी बिलं परत पिशवीत घातली, परत काढली. "नवं सॉफ्टवेअर घिऊन सगळी बिलं दुरुस्त करून दिली, तर पोरीला नेतेल का वो अक्का?"

मला वाईट वाटलं. हा प्रश्न माझ्या कामातला नव्हता, आणि उत्तर मला साधारण ठाऊक होतं.

चालू आणि मागच्या वर्षाची बिलं सुधारता येत होती. त्याआधीच्या बिलांची मुदत टळून गेली होती. अण्णांनी आयजीएसटी नव्यानं भरायचा आणि चुकून भरलेला परत मागायचा, अशी कायद्यात सोय आहे. पण भगवानरावांचं त्या जुन्या बिलांचं गेलं ते गेलं. तेवढं मी माझ्याकडचं देतो, असं अण्णा लगेच म्हणाले. मीच उदगीरला फोन लावला.

"मॅडम, पैशाचं काही न्हाई वो," भगवानराव म्हणाले. आवाज शांत होता, तेच मला आवडलं नाही. "गावात माझं नाव खराब झालं ना. मी आता लातूरचा माल घ्यायलोय. राज्यातला. मागं लचांड न्हाई."

"आणि सुनंदा?"

"राहू द्या की तिकडं. बापाचंच घर हाय."

शेजारी बसलेल्या अण्णांनी हे ऐकलं. त्यांनी पाणी मागितलं आणि ग्लास तसाच हातात धरून बसले.

सॉफ्टवेअर निवडायचं काम तरीही करायचंच होतं. माझी पद्धत सोपी आहे. विकणारा लॅपटॉप उघडून रंगीत बिल दाखवायला लागला की मी म्हणते, थांबा, मी एक चुकीचं बिल करते. मी २७ चा नंबर टाकला आणि राज्य कर्नाटक निवडलं. पहिल्या सॉफ्टवेअरनं आनंदानं बिल छापून दिलं, वर लोगोसकट. त्याला मी चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्यानं लाल ओळ दाखवली, नंबर आणि राज्य जुळत नाही. पुढं जाऊच देईना. मग मी एक झालेलं बिल पुसायचा प्रयत्न केला. तेही होईना. बिल रद्द झालं, तरी नंबर जागेवर राहिला, आणि कुणी कधी काय बदललं त्याची नोंद पडली.

"म्हंजी जुनं बिल मिटतच न्हाई?" अण्णांनी विचारलं.

"नाही अण्णा. चूक झाली तर क्रेडिट नोट काढायची. म्हणजे चूक झाली होती, असं लिहून देणारा दुसरा कागद. पहिला कागद राहतोच."

"मग ह्याचा उपयोग काय मला?"

उपयोग पुढच्या बिलांना होता. ते मी त्यांना सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि सॉफ्टवेअर घेतलं.

मुदतीतली उदगीरची बिलं मी त्यातच दुरुस्त करून चढवली. नंबर टाकताच सॉफ्टवेअरनं आपणहून लिहिलं, महाराष्ट्र, परराज्य. अण्णा चष्मा पुसून पुढं वाकले.

"उदगीर परराज्य, व्हय?"

"कागदावर."

सुधारलेली बिलं अण्णा स्वतः उदगीरला देऊन आले. दुकानात बसवून चहा दिला, म्हणाले. घरी या म्हटलं नाही.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. मधे एकदा दोन्हीकडची चार माणसं बसली, बोलणं झालं, निघालं काही नाही. आता कारखान्याची बिलं सुनंदाच करते. चांगली करते. बी.कॉम. झालेली आहे, हे मला तेव्हा कळलं. परवा तिचा फोन आला.

"अक्का, यादीतनं उदगीरची पार्टी काढून टाकता येती का? रोज बिल करताना वरच दिसायलीय."

"बिलं झालेली पार्टी निघत नाही बाळा. बंद करून ठेवता येते. मग दिसणार नाही."

तिच्या मागं ग्राइंडर चालू होता.

"परत चालू करता येती का?"

"येते."

"मग नगं. परत चालू करायचीच तर बंद कशाला? तशीच राहू द्या."

अण्णांच्या त्या बिलांपासून मी गिऱ्हाइकाला सॉफ्टवेअरची किंमत नंतर सांगते. आधी विचारते, माल कुठं कुठं जातो. लोकलच आहे, घरचेच लोक आहेत, असं कुणी म्हणालं की मी वही बाजूला ठेवते आणि त्या घरच्यांचा जीएसटी नंबर मागते.