चार कोपऱ्यांचे ठिपके

इथे परदेशात, आमच्या वेंटवर्थव्हिलच्या लायब्ररीत दर गुरुवारी एक गोरी आजी हाताने शुभेच्छापत्रं करत बसते. नाव मी कधी विचारलं नाही. कुठलाही शिक्का ती आधी मनगटावर उठवून बघते, त्यामुळे मनगटभर शाईची फुलं असतात. छोट्या मशीनचा दांडा फिरवला की कागदातून फुलपाखरू कापून निघतं आणि दर वेळी ती नव्याने खूश होते.

मी नववीतून शाळा सोडलेली. इंग्लिश बोलताना अजून शब्द शोधावे लागतात. तरी तिने मला शेजारी बसवून घेतलं, हे मी विसरणार नाही. पहिलं कार्ड झालं तेव्हा सवयीने मी लाल-पिवळ्या शाईत बोट टेकवून चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं.

"हे कशाला?" तिने विचारलं.

"गुड लक." एवढंच जमलं मला.

पुढच्या गुरुवारी तिच्या सगळ्या कार्डांना ठिपके होते. माणूस गेलेल्या घरी पाठवायच्या कार्डांनासुद्धा.

आता जिने जवळ बसवलं, तिचीच चूक कशी काढायची? पण ती कार्डं कुणाच्या तरी दुःखात जाणार होती. शेवटी चाचरत म्हटलं, "ह्यांना नको. हे फक्त आनंदाला."

ती इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग लाडाने म्हणाली, "आधी सांगायचं ना, लव्ह. तू नाही तर मला कोण शिकवणार?"

हल्ली प्रत्येक कार्ड ती माझ्यापुढे सरकवते आणि भुवया उंचावून थांबते. मी मास्तरणीसारखी मान हलवली, की मगच ठिपके.