सहा कॅन पाणी

टूसॉन शहर मागे पडलं आणि थोड्या वेळाने डांबरी रस्ताही संपला. २००६ सालचा जून होता. सीमा ओलांडून वाळवंटातून चालत येणाऱ्यांसाठी तिथल्या एका चर्चने मदतीचे तंबू टाकले होते. मी चँडलरहून आठवडाभर रजा काढून निघाले होते. गाडी चालवणारी रूथ सत्तरीची, निवृत्त नर्स.

तंबूत राजमा आणि तोर्तिया (मक्याची पातळ पोळी) खाऊन आम्ही पाणी घेऊन पायवाटेने निघालो. वाटेत माझ्या पोटरीत चोया (गोळ्यागोळ्यांचं निवडुंग) रुतलं. रूथने ते कंगव्याने उपटून काढलं.

पुढे तिने आदल्या दिवशी चालत येणाऱ्यांसाठी ठेवलेले पाण्याचे सहा कॅन होते. प्रत्येकाला बुडाशी चाकूने चीर दिलेली.

"जनावरानं केलं असेल?" मी विचारलं.

"जनावर कॅन परत रांगेत लावून ठेवत नाही," रूथ म्हणाली.

जवळच झुडपाच्या सावलीत एक बाई बसली होती. ओठ फुटलेले, टाचा सोललेल्या. नाव एल्विरा. रूथने तिला घोटाघोटाने पाणी पाजलं आणि तिचं स्पॅनिश मला समजावून सांगितलं. रिकामे कॅन बघून तिचा नवरा मातेओ सकाळीच पाणी शोधायला पुढे गेला होता.

टेकडीवर चढल्यावर फोन लागला. तासाभराने सीमेवरचा अधिकारी आला.

"मातेओला शोधा," रूथ म्हणाली.

"त्याला इथं यायला कुणी सांगितलं होतं?" असं म्हणून तो एल्विराला घेऊन गेला. मी गप्प राहिले. मला माझा व्हिसा आठवला होता. त्या गप्प बसण्याचा संताप अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी मातेओ आम्हालाच सापडला, कोरड्या ओढ्यात. शर्ट काढून घडी करून उशाशी ठेवलेला. जीव केव्हाच गेला होता. एल्विराला तोवर सीमेपलीकडे सोडून दिलं होतं. तिला कुणी कळवलं का, कुणालाच ठाऊक नव्हतं.

चँडलरला परतले त्या शनिवारी शेजारच्या काकांकडे जेवण होतं. मी सगळं सांगितलं.

"वाईट झालं गं," काका म्हणाले, "पण ते इल्लीगल. आपण सगळं रीतसर करून आलो."

"काका, आपण विमानातून आलो. पाणी मागितलं की आणून देत होते."

"जेवताना नको हा विषय," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी मला श्रीखंड वाढलं. मी ताटावरून उठले.

सोमवारी मी त्या अधिकाऱ्याच्या कचेरीत फोन करून एल्विराचा पत्ता मागितला. असे पत्ते आम्ही ठेवत नाही, असं उत्तर मिळालं. वर्ष होत आलं, मी दर सोमवारी विचारते. आता मी नाव सांगायच्या आतच ते फोन ठेवतात.